ड्युसेलडॉर्फचा जपान-टाग, हलणारा भुसा आणि माझ्या माळकरी साबा

राइनकाठची

मंडळी, प्रश्न सगळ्यात शेवटी आहे. घाईत असाल तर थेट खाली उडी मारा, पण मग अर्धवट वाचून शिव्या घालू नका.

आम्ही ड्युसेलडॉर्फपासून रेल्वेने चाळीस मिनिटांवर राहतो. तिथे दरवर्षी मे-जूनमधल्या एका शनिवारी 'जपान-टाग' भरतो. टाग म्हणजे दिवस. २००२ पासून चालू आहे, मधली करोनाची दोन वर्षं सोडली तर. नदीकाठचा सगळा रस्ता खाण्याच्या टपऱ्या, तंबू आणि रंगमंचांनी भरून जातो. प्रवेश फुकट, आणि गर्दी लाखांत. यंदा साबा (म्हणजे सासूबाई) कराडहून तीन महिन्यांसाठी आल्यात, म्हटलं चला, दाखवू.

साबा ६८ वर्षांच्या. गळ्यात तुळशीची माळ, तीस वर्षांची वारी. आता गुडघ्यांमुळे लोणंदला पालखीत शिरायचं आणि फलटणला बाहेर पडायचं, एवढंच. पण नेम म्हणजे नेम. कांदा-लसूण चालतो, बाकी काही नाही.

गाडीतच जत्रा सुरू झाली. निळ्या केसांच्या मुली, पुठ्ठ्याची माणूसभर उंच तलवार घेतलेला एक दाढीवाला, एक जण चक्क कोल्हा. साबा शांतपणे म्हणाल्या, "बहुरूपी दिसतायत." मी 'कॉस्प्ले' वगैरे समजवायला निघाले होते, पण बहुरूपी हाच शब्द बरोबर आहे असं वाटून गप्प बसले.

आधी बुर्गप्लाट्झ नावाच्या चौकात ताइको ढोल ऐकले. मग नऊ वर्षांच्या लेकीने युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो, नेसवून घेतला. मग खाणं. सव्वा तास रांग. ओकोनोमियाकी नावाचं प्रकरण होतं: मोठ्या तव्यावर कोबी घातलेलं जाड धिरडं, दोन हातांत दोन उलथणी. साबा रांगेतून टाचा उंच करून तव्याकडे बघत होत्या. "कोबीचं थालीपीठच आहे की. उलटलंन् बघ कसं, एक तुकडा सांडला नाही." मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, शाकाहारी आहे ना? ती म्हणाली, "या, या, फक्त कोबीवालं देते."

वर गडद सॉस, मेयोनीज, आणि त्यावर पातळ गुलबट-तपकिरी पापुद्रे. ते हलत होते. म्हणजे खरंच, जिवंत असल्यासारखे. साबांनी विचारलं, "हे काय हलतंय?" माझ्या नवऱ्याने, ज्याला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर येत नाही असं कधी झालेलं नाही, ठामपणे सांगितलं, "लाकडाचा भुसा असतो गं आई, धुरी दिलेला. वासाला घालतात." साबांनी अर्धं धिरडं खाल्लं. "खमंग आहे" म्हणाल्या.

रात्री आतषबाजी बघून एक वाजता घरी आलो. झोप येईना म्हणून फोनवर शोधलं. भुसा नाही. मासा आहे.

प्रश्न: साबांना सांगू का?

खवचट_काकू

लाकडाचा भुसा म्हणून सासूला खायला घातलात? मासा निघाला हे त्यातल्या त्यात बरंच म्हणायचं.

कोथरूडकर

अजिबात सांगू नका. दोन महिने अजून तुमच्याकडे राहायचंय त्यांना. शिवाय बीपी असेल तर? जे माहीत नाही ते घडलंच नाही.

निशीकासाईकर

तोक्योत बारा वर्षं काढल्यावर एवढंच सांगतो की तुमच्या नवऱ्याची चूक अगदीच अक्षम्य नाही. त्या पापुद्र्यांना कात्सुओबुशी म्हणतात. कात्सुओ म्हणजे आपल्याकडे कुपा म्हणतात त्या जातीतला मासा. तो उकळतात, काटे काढतात, मग पुन्हापुन्हा धुरी देऊन सुकवतात. उंची प्रकारात त्यावर बुरशीही चढवतात. शेवटी जो तुकडा हातात येतो तो अक्षरशः लाकडाचा ठोकळा असतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजतात. आणि तो कापत नाहीत, सुताराच्या रंध्यासारखा रंधा उलटा पेटीवर बसवलेला असतो, त्यावर किसतात. म्हणजे निघतो तो भुसाच. फक्त माशाचा.

हलतात कारण पापुद्रे इतके पातळ असतात की खालच्या वाफेने ओलावा घेऊन वळतात. भूतबाधा नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. वरचे पापुद्रे निदान दिसतात तरी. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा याच माशाचं. मिसो सूपमध्ये ते, नूडल्सच्या रश्श्यात ते, उकडलेल्या भाज्यांत ते, ओकोनोमियाकीच्या पिठातही बऱ्याचदा ते. जपानी माणसाला 'यात मासा आहे का' विचारलं तर तो मनापासून नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी मासा म्हणजे ताटात दिसणारा मासा. आपण तरी 'भाजीत हिंग आहे' असं कुठे मुद्दाम सांगतो?

साबांनी आणखी काय खाल्लं ते सांगा. हिशेब करू.

आप्पेवाली

हिशेब मी करते. राइनकाठची, ओकोनोमियाकीच्या पिठात अंडं असतं हो. आणि मेयोनीजमध्येही. मासा राहिला बाजूला.

राइनकाठची

अंडं!!!

मी माशातच इतकी गुंतले की हे डोक्यातच आलं नाही. आता नवऱ्याला उठवते.

खवचट_काकू

उठवा. आणि विचारा, अंडं कुठल्या लाकडाचं असतं.

पंढरीचा_पायीक

थट्टा चाललीय, चालू द्या. पण ज्यांच्या घरात माळ आहे त्यांना विचारा. माझे आजोबा आळंदीला माळ घेतलेले. एकदा लग्नात त्यांच्या पानात चुकून रस्सा पडला आणि दोन घास गेल्यावर कळलं. ते ताटावरून उठले, चूळ भरली, आणि आठवडाभराने ज्यांच्या हातून माळ घेतली होती त्या महाराजांना जाऊन सांगितलं. महाराजांनी हरिपाठ म्हणायला लावला आणि म्हणाले, नकळत घडलं त्याचा दोष नाही, कळल्यावर लपवलंत तर आहे.

म्हणून ताई, माझं मत सांगा असं. नेम त्यांचा आहे. त्याचं काय करायचं हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही किंवा आम्ही इथे मतदान घेऊन नाही.

कोथरूडकर

पायीक, तुमच्या आजोबांना कळलं होतं. इथे साबांना कळलेलं नाही. सांगितल्याने ज्या क्षणी कळेल त्या क्षणापासून त्रास सुरू. तो द्यायचा अधिकार तरी सुनेला कुणी दिला?

दर्यावर्दी

मालवणातून हजेरी. आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, आमच्याकडे सोमवारी पण फक्त आईच पाळते.

त्या सुक्या कुप्यावरून आठवलं. लक्षद्वीपला गेलो होतो तेव्हा मिनिकॉयला हाच प्रकार पाहिला, 'मास' म्हणतात. कुपा उकडायचा, धुरी द्यायची, उन्हात दगडासारखा वाळवायचा आणि कालवणात कुटून घालायचा. मालदीवमध्येही तेच. म्हणजे जपानी लोकांची फार मोठी मक्तेदारी नाही. आमची सुकट-बोंबील त्यापुढे गरीब बिचारी, पण चुलीवर भाजल्यावर वास चार घरं पुढे जातो. त्यात आम्हीच वरचढ.

एन२_नापास

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांपैकी एक. (एन२ ही जपानी भाषेची परीक्षा, नाव वाचून निकाल कळलाच असेल. तिसऱ्यांदा बसतोय.)

पुढच्या वेळेसाठी वाक्य पाठ करा: "कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाई शिमास." नुकी म्हणजे वगळून. तामागो म्हणजे अंडं, तेही नुकी करून टाका. अर्थात तामागो नुकी केल्यावर त्या धिरड्यात उरतं काय हा वेगळा प्रश्न. आणि ड्युसेलडॉर्फच्या टपरीवरची मुलगी जपानी असेलच असं नाही, ती कदाचित माझ्याइतकीच नापास असेल.

तिथे सुलेखनाचा तंबू असतो ना? ब्रशने नाव लिहून देतात तो? कुणी लिहून घेतलं का? आमच्या वर्गातला सगळ्यात मोठा विनोद तोच. जपानीत 'ल' नाही, सगळे ल चे र. आणि न सोडून अर्धं अक्षर सहसा शेवटी येत नाही, त्यामुळे मागे स्वर चिकटतो. निखिलचा निकिरु. अमोलचा आमोरु. लीलाची रीरा. ळ बद्दल तर बोलूच नका.

आप्पेवाली

माझं आडनाव काळे. त्यांनी 'कारे' लिहिलं. कारे म्हणजे जपानीत करी. तीन वर्षं ऑफिसात मी मिसेस रस्सा होते.

राइनकाठची

सुलेखनाचं सांगायचंच राहिलं! साबांनीच हट्ट धरला. साबांचं नाव मालती. त्या आजोबांनी दोनदा विचारून घेतलं, मान हलवली, आणि एका दमात लिहिलं. मग बोट ठेवून आम्हाला वाचून दाखवलं: "मा-रु-ती."

साबांनी तिथल्या तिथे कागद कपाळाला लावला. शनिवार होता.

एन२_नापास

हे बरोबर आहे!! ल चा रु झाला आणि पुढे ती. मालती लिहायला गेलं की मारुतीच होणार. व्याकरणाने सिद्ध झालेला चमत्कार.

नागपुरी_संत्रं

वा, काय सुंदर. आमच्याकडे कामठीला ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार आहे, १९९९ साली जपानी मदतीतून उभं राहिलेलं. तिथे जाऊन बसलं की आवाजच बंद होतात. भदंत सुरेई ससाई यांचं तर सगळं आयुष्य नागपुरात गेलं, जन्म ओकायामाचा. त्यामुळे जपान म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर सुशी नाही, विहार येतं.

आणि देवांचं म्हणाल तर मारुतीच कशाला, त्यांच्याकडे आपले पुष्कळ जण पोचलेले आहेत. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेसारखं वाद्य. कांगितेन म्हणजे गणपती, बऱ्याच देवळांत तो पडद्याआडच असतो, दर्शन देत नाहीत. बिशामोन म्हणजे कुबेर. चीनमार्गे गेले, कपडे बदलले.

कोथरूडकर

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असं नाव. तिथे मात्र आवाज बंद होत नाहीत. सुरक्षारक्षकाची शिट्टी दर दीड मिनिटाला. गवतावर बसलं की शिट्टी, पुलावर थांबलं की शिट्टी. अर्थात हेही बऱ्यापैकी जपानीच.

शब्दवेल्हाळ

थोडा विरोधी सूर लावतो. मी दोनदा गेलोय या जपान-टागला. संस्कृती कमी आणि फोटो जास्त. निम्मी गर्दी कार्टूनचे कपडे घालून स्वतःचेच फोटो काढत असते. खाण्याला दीड तास रांग, मूठभर नूडल्सला बारा युरो, पेल्याची अनामत वेगळी, ती परत घ्यायला पुन्हा रांग. जपानी माणूस शोधावा लागतो. चहाविधी बघायला गेलो तर जागा सकाळीच संपलेल्या. हे म्हणजे कुणी गणपतीत येऊन फक्त मांडवासमोरचा डीजे बघून जावं आणि महाराष्ट्र पाहिला म्हणावं तसं.

ड्युसेलकर

शब्दवेल्हाळ, रांगेबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी नाही.

मी इथे वीस वर्षं आहे. हा मेळा भाड्याने आणलेला नाही, हे आधी लक्षात घ्या. युद्धानंतर १९५०च्या दशकात जपानी कंपन्या इथे आल्या, कारण शेजारी रुऱ्हचं पोलाद आणि यंत्रसामग्री. मग बँका आल्या, मग घरच्यांसाठी दुकानं, १९७१ला जपानी शाळा. आज शहरात सात-आठ हजार जपानी राहतात. स्टेशनातून बाहेर पडलं की इमरमानश्ट्रासे, तिथे जपानी पुस्तकं, बेकरी, रामेनची दुकानं, रस्त्याच्या पाटीवरही जपानी लिपी. नीडरकासेलला बौद्ध मंदिर आहे, बागेसकट. जपान-टाग शहर, राज्य आणि इथला जपानी समाज मिळून करतात.

जपानी माणूस शोधावा लागतो म्हणता, तर दुपारी मुख्य गर्दीत तो नसतोच. संध्याकाळी उशिरा या. बायका-पोरं घेऊन, चटया घेऊन नदीकाठी येतात, डबे उघडतात, आतषबाजीची वाट बघतात. आपण समुद्रावर भेळ घेऊन बसतो तसं. जूनमध्ये इथे अंधारच दहानंतर पडतो, त्यामुळे आतषबाजी अकराच्या सुमारास. त्या चटयांवर जो जपान बसलेला असतो तो बघा.

कॉस्प्लेची पोरं मला आवडतात. वर्षभर शिवतात ते कपडे. आणि गर्दीत धक्का लागला तर तलवार बाजूला घेऊन माफी मागतात.

शब्दवेल्हाळ

चटयांचं माहीत नव्हतं. मी दोन्ही वेळा सहाला कंटाळून परतलो होतो. ठीक, तिसऱ्यांदा येईन. पण बारा युरोचं काय?

ड्युसेलकर

बारा युरोचं काही करता येत नाही. डबा न्या.

चौकटीबाहेरची

लंडनमध्ये ट्रफाल्गर चौकात जपान मात्सुरी असतो सप्टेंबरच्या सुमारास, तिथेही हीच रड. आम्ही आता जाताना पोळीभाजी खाऊन जातो आणि तिथे फक्त गोड खातो. सगळा दिवस सुखात जातो.

बाय द वे, युकाता नेसवला म्हणालात, फोटो टाका ना. आणि डावी बाजू वर आहे ना ते बघा.

राइनकाठची

फोटो नाही टाकत, लेक चिडेल. डाव्या-उजव्याचं काय?

चौकटीबाहेरची

किमोनो असो की युकाता, बघणाऱ्याला डावी बाजू उजवीवर आलेली दिसायला नको, नेसणाऱ्याची डावी बाजू वर हवी. उलटं फक्त प्रेताला नेसवतात. मी पहिल्या वर्षी घरून उलटा नेसून गेले होते. एका जपानी आजींनी मला रांगेतून बाहेर काढलं, एक शब्द न बोलता भिंतीआड नेऊन सगळं सोडून पुन्हा नेसवलं, कमरेचा पट्टा गच्च आवळला आणि पाठीवर थोपटून परत पाठवलं.

खवचट_काकू

चौकटीबाहेरची, पहिलं वाक्य तीनदा वाचलं. बघणाऱ्याची डावी की नेसणाऱ्याची?

चौकटीबाहेरची

नेसणाऱ्याची डावी वर. बघणाऱ्याला ती उजवीकडे दिसते. मी उलटा का नेसले होते ते आता कळलं असेल.

राइनकाठची

लेकीचं बरोबर होतं, बघितलं. तंबूतल्या बाईंनी नेसवलेलं. साबा बाजूला उभ्या राहून एकेक गाठ बघत होत्या. नंतर म्हणाल्या, "नऊवारीपेक्षा सोपं आहे, पण शिंक आली तर अवघड."

संध्याकाळी एका ठिकाणी गोल करून नाचत होते, कुणीही शिरावं. हात वर, हात खाली, दोन पावलं मागे. साबा म्हणाल्या, मधे हत्ती काढायला विसरले, आणि शिरल्या. मी मोबाइल काढेपर्यंत त्या अर्ध्या वर्तुळापलीकडे गेल्या होत्या.

निशीकासाईकर

तो बोन ओदोरी. जपानात जुलै-ऑगस्टमध्ये पितर घरी येतात असं मानतात, तो ओबोन. त्यांच्यासाठी हा नाच. म्हणजे भोंडल्याची रचना आणि पितृपक्षाचं कारण, असं काहीसं. आमच्या एडोगावा भागात इतकी मराठी-तमिळ-बंगाली मंडळी आहेत की उन्हाळ्यात त्या रिंगणात निम्मे आपलेच. २०१९ला इथल्या वॉर्डसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेही मराठीच.

दर्यावर्दी

पितर येतात म्हणून नाचतात? आमच्याकडे पितर येतात म्हणून कावळ्याच्या मागे धावतात. तेही एक प्रकारे नाचच.

आप्पेवाली

मी मुळात आले होते ते ताकोयाकीबद्दल लिहायला. जत्रेत दिसले असतील: गोल खळग्यांचा तवा, सुईने टकाटक फिरवलेले गोळे. तो तवा आणि आपलं आप्पेपात्र एकमेकांचे सख्खे. ओसाकाचा पदार्थ, १९३०च्या दशकातला. आत ऑक्टोपसचा तुकडा असतो, तो नुकी करा. मी घरी रवा-ताकाच्या पिठात मका आणि कांद्याची पात घालून, लोखंडी आप्पेपात्रात, वरून सोया सॉस आणि किंचित गुळाचं पाणी आटवून लावते. मुलं जपानी म्हणून खातात, सासरे आप्पे म्हणून खातात. कुणाला काही सांगावं लागत नाही.

कोथरूडकर

बघा! 'कुणाला काही सांगावं लागत नाही.' माझा मुद्दा हाच.

आप्पेवाली

कोथरूडकर, माझ्या आप्प्यांत लपवण्यासारखं काही नाही म्हणून. फरक आहे.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. शाकाहारी माणसाने अशा मेळ्यात खावं तरी काय? आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत, नवरा अंडंही खात नाही.

निशीकासाईकर

गोडाकडे वळा, तिथे धोका कमी. दाइफुकु म्हणजे चिकट तांदळाच्या उकडीत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण. मोदकच, फक्त कळ्या नाहीत आणि नारळ नाही. त्यात जिलेटिन नाही ना एवढं विचारा. पारंपरिक जपानी मिठायांत समुद्रशेवाळाचं कांतेन वापरतात, ते चालतं. काडीला लावलेले दांगो, वर सोया आणि साखरेचा चिकट रस, तेही बहुधा चालतात. काकिगोरी म्हणजे बर्फाचा गोळा, फक्त काडी नाही, वाटीत. मीठ लावलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. काकडीची सुशी. ओनिगिरी घेतलात तर आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आहे का ते विचारून घ्या. पहिला घास खाल्ल्यावर कान लाल होतात, पण लिंबाच्या जुन्या लोणच्यावर वाढलेल्याला आवडतं. इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीतला भात, निरागस दिसतो, पण टोफू दाशीत शिजवलेला असतो. टाळा. ताइयाकी नावाच्या भाजलेल्या गोडाच्या पिठात अंडं असू शकतं.

आणि घरी करायचं तर माशाशिवाय दाशी अगदी सोपी. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बू, म्हणजे सुकवलेलं समुद्रशेवाळ, रात्रभर भिजवा. सकाळी मंद तापवा, उकळी यायच्या आधी बाहेर काढा, नाहीतर बुळबुळीत होतं. बौद्ध मठांतला शोजिन स्वयंपाक यावरच चालतो, सोबत सुके शिताके, म्हणजे एक प्रकारची अळंबी. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी याच कोम्बूतून 'उमामी' चवीचं ग्लुटामेट वेगळं काढलं. चायनीजच्या गाडीवर आपण ज्याला नावं ठेवतो ते अजिनोमोटो त्यातूनच आलं.

नागपुरी_संत्रं

आणि करी? तिथे करीभाताची टपरी असेलच.

निशीकासाईकर

असते, पण ती पिठाने घट्ट केलेली करी इंग्रजांकडून गेलेली, आणि तिच्यात सहसा मांस. भारतातून थेट गेलेली करी वेगळी. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ला ब्रिटिशांपासून लपत तोक्योला पोचले. शिंजुकूच्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी, सोमा कुटुंबाने, त्यांना आसरा दिला. त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, लग्न झालं. १९२७ला त्या दुकानात बोसांनी सांगितलेली भारतीय करी सुरू झाली आणि ती आजही मिळते. कोंबडीची असते, पंढरीचा_पायीक, तुम्ही वाचू नका.

पंढरीचा_पायीक

वाचलं. हरिपाठ म्हणतो.

धागा कुठून कुठे गेला. राइनकाठची ताई, सांगितलंत का?

राइनकाठची

सांगितलं. काल.

त्याआधी एक गोष्ट, जी मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती कारण लिहिताना मलाच कसंतरी झालं. रांगेत उभं राहण्याआधी लेकीने ताइयाकी घेतली होती, माशाच्या आकाराची. आत फक्त गोड पुरण. लेकीने आजीपुढे धरली, तर साबा दोन पावलं मागे सरल्या. "मी माशाच्या रूपालासुद्धा हात लावायची नाही." लेकीने कितीदा सांगितलं, आज्जी, आत पुरण आहे. नाही म्हणजे नाही. मला तेव्हा थोडं हसू आलं होतं. आणि सव्वा-दीड तासाने मी त्यांच्या हातात खरा मासा दिला, धिरड्यावर पसरून.

हे आठवत राहिलं. ज्यांना रूपसुद्धा नको त्यांच्यापासून लपवणार कसं? कोथरूडकर, तुमचं म्हणणं पटत होतं तोवर.

दुपारी त्या वाती वळत होत्या. सगळं सांगितलं, अंड्यासकट. त्यांनी वात खाली ठेवली. माळेवर हात गेला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मी तिथेच उभी. मग म्हणाल्या, "त्या पोरीला विचारलं होतंस ना, शाकाहारी आहे का म्हणून?"

"हो."

"मग निम्मं पाप तिचं."

"आणि उरलेलं?"

"त्या भुसावाल्याचं."

भुसावाला तेव्हा स्वयंपाकघरात पाणी पीत होता. रात्री न जेवता झोपल्या, सकाळी अंघोळ करून कराडला महाराजांना फोन लावला. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. फोन झाल्यावर चहा मागितला.

एकच ताकीद दिलीय. हे सगळं मी इथे लिहिलंय हे नवऱ्याने फोडलं, तर म्हणाल्या, "नाव तरी बदललंस का? आमच्या भिशीतली एक तिथे वाचत असते."

खवचट_काकू

कराड, माळ, ६८ वर्षं, लोणंद ते फलटण आणि जपानीत मारुती होणारं नाव. नाही हो, कुणाला कळतंय.

कोथरूडकर

हरलो. भुसावाल्याला माझ्याकडून सहानुभूती.

एन२_नापास

त्या मारुतीच्या कागदाचं काय केलंत?

राइनकाठची

देवघरात आहे, गणपतीच्या मागे टेकवून. खाली शेंदराचं बोट लावलंय. परत नेताना सुरळी करून न्यायचाय म्हणे, त्यासाठी नळी शोधतेय.

ड्युसेलकर

पोस्टात पुठ्ठ्याची मिळते, तीन-चार युरो. त्याला रांग नाही.

वाचनमात्र

आप्पेवाली, त्या आप्प्यांना रवा बारीक की जाड?

आप्पेवाली

बारीक. आणि ताक आंबट घ्या.